टिपणिसांच्या घरात आरसा का नव्हता

चामटोलीहून भाजी घेऊन येणारी मोतीबाई टोपली उतरवायच्या आधी बातमी उतरवते. आमच्या शेजारच्या मधुकाका टिपणिसांची बातमी तिने आमच्या ओट्यावर पदराने वारा घेत अशी सांगितली: "बाय, त्या घरान आरसा नाय. ठेवतील कसा? आरशान त्याची मेलेली बायको येते नं कुकू मागते. मी सोता बगलंय."

आई म्हणाली, "आरसाच नाही, तर बघितलंस कशात?"

मोतीबाईने जरा विचार केला आणि विचारलं, "भेंडी किती देऊ?"

अंबरनाथला आमच्या काड्यापेटीच्या कारखान्याचा भोंगा जेवढा लांब जातो, तेवढी ही बातमी गेली. मी ती शाळेत मोतीबाईच्याच आवाजात सांगितली, तेव्हा दोन मुली पाणी प्यायला म्हणून उठल्या त्या तास संपेपर्यंत आल्या नाहीत. पण बातमी खोटी. काकू विषमज्वराने गेल्या आणि गेल्यावर कुठेही आल्या नाहीत, कुंकू मागायला तर नाहीच. आरसा काकूंच्याही आधी घरातून गेला होता, तो काकांच्या धाकट्या भावामुळे. शरदचंद्र त्याचं नाव. तो लग्नाआधीच वारला. त्याच्याबद्दल त्या घरात कुणी बोलायचं नाही, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं मला एक्कावन्न सालच्या वैशाखात कळलं, आणि नसतं कळलं तर बरं, असं तेव्हा वाटलं.

आरशावाचूनचं घर कसं असतं ते सांगते. काकांची एकुलती एक मुलगी सुनेत्रा, माझ्याहून थोडी मोठी, पण मैत्रीण. ती कुंकू अंदाजाने लावायची. ते नेहमी जवभर डावीकडे असायचं, त्यामुळे ती सारखी कान देऊन काहीतरी ऐकतेय असं वाटायचं. काकांची दाढी करायला बुवापाड्याचा न्हावी यायचा. दाढी झाली की धंद्याच्या सवयीने तो हातातला आरसा पुढे करी, "बगा सायेब." काका डोळे गच्च मिटून म्हणत, "छान झालीय." त्यांच्या मिशीची उजवी बाजू डावीपेक्षा आखूड होती. त्यांना ती कधी दिसली नाही, आणि आम्हाला सांगावीशी वाटली नाही.

काका कारखान्यात टाइमकीपर. माणूस भित्रा. खांदे कानांना टेकलेले, बोलायच्या आधी दोनदा खाकरायचं, मग आवाज खाली नेऊन, "पैज लाव, कुंदे, आज नळ लवकर जाणार." "पैज लाव, तू गणितात उडणार." पैज नेहमी खाऱ्या दाण्यांच्या पुडीची आणि नेहमी वाईटावर. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाले, "अगं, वाईट झालं तर निदान दाणे मिळतात. नाही झालं तर दाणे जातात, पण जीव भांड्यात पडतो. दोन्हीकडून आपलाच फायदा." या हिशेबाने मी गणितात पास होऊन पुष्कळ दाणे खाल्ले. त्यांची नक्कल मी त्यांच्यासमोरही करायची. ते हसायचे आणि म्हणायचे, "पैज लाव, एक दिवस तोंड असंच राहील."

तर तो वैशाख. आंब्याचे दिवस, घामाचे दिवस, आणि कारखान्याच्या अर्ध्या क्वार्टर्सना गळवं. कुणाच्या काखेत केसतूड, कुणाच्या मांडीला गळू, कुणाला बसता येईना, कुणाला उठता येईना. उपाय घरोघर ठरलेले: अळशीचं गरम पोटीस, नाहीतर चुना-गुळाचा लेप, आणि पिकलं की दाबायचं. सगळी मंडळी पाय फाकवून नळावर यायची. मला तर कुणाची चाल आधी उचलू असं झालं होतं.

सुनेत्राला मात्र पुळी आली ती वरच्या ओठावर, नाकाच्या अगदी खाली. मुगाएवढी. आणि रविवारी कल्याणची मंडळी तिला बघायला यायची होती. ती आमच्याकडे आली, आमच्या आरशासमोर उभी राहिली.

"दिसते का गं?"

"तुझ्या आधी तीच दिसते."

"गप गं. बसेल ना रविवारपर्यंत?"

मी काकांसारखी दोनदा खाकरले. ती मला मारायला धावली. एवढी साधी गोष्ट होती ती तेव्हा.

बघण्याच्या कार्यक्रमासाठी काकांची थोरली बहीण बदलापूरहून आली होती. तिला सगळे माई म्हणतात. माईंचं प्रत्येक वाक्य "मी म्हणते" ने सुरू होतं आणि समोरच्याने मान डोलावल्यावरच संपतं. आमच्याकडे आरशात बघितलं म्हणून त्यांनी आधी सुनेत्राला झापलं, मग मला चहा दिला आणि आवाज उतरवला.

"मी म्हणते, आरसा वाईटच. आमचा शरद आरशापायी गेला. इतका देखणा, की भांडीवालीसुद्धा भाव विसरायची. मुलगी बघायला जायचं म्हणून सकाळपासून आरशासमोर. स्वतःचीच दृष्ट लागली गं त्याला! तोंड सुजत गेलं, डोळे बाहेर आले, आणि चार दिवसांत संपलं. मधूने घरातला आरसा उचलला आणि विहिरीत टाकला. का, ते एका शब्दाने बोलला नाही. पण मला कळलं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान डोलावली.

मग त्यांनी सुनेत्राला मागच्या दारी उन्हात बसवलं. "डोळे मीट. कशातच बघायचं नाही, पाण्यातसुद्धा नाही. आत्ता काढते." दोन्ही अंगठ्यांची नखं पुळीच्या दोन बाजूंना लावली आणि दाबली. सुनेत्रा किंचाळली. माईंनी वर चुना-गूळ लावला, तिच्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली, आणि हात धुतले. इतक्या मायेने केलं होतं सगळं. मी बशीतला चहा फुंकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेत्राला हुडहुडी भरली. वैशाखात, दोन गोधड्या घालून दात वाजत होते. वरचा ओठ नाकाला भिडला, गाल दगडासारखा झाला. मी बोलायला गेले, तर मला एक गोष्ट ऐकू आली ती अजून ऐकू येते. तिला "कुंदा" म्हणता येत होतं. "काय" म्हणता येत होतं. पण "माई" म्हणता येत नव्हतं, आणि "बाबा" म्हणता येत नव्हतं. ज्या शब्दांना ओठ लागतात ते सगळे तिचे गेले होते.

भोंगा झाला. काका आले, चप्पल काढता काढता आत बघितलं, आणि एक पाय चपलेत, एक बाहेर, असेच उभे राहिले.

"कुणी दाबली?"

"मीच," माई म्हणाल्या. "पिकली होती. आणि मी म्हणते, आरसा कुठे होता इथे? डोळे मिटवून काढली, उन्हात—"

"माई," काका म्हणाले, "आरशाने नाही गं. बोटांनी."

माईंनी आपल्या हातांकडे बघितलं.

काका दोनदा खाकरले. मी वाट बघत राहिले. आता म्हणतील, पैज लाव. कशावरही लावतील, टांगा मिळणार नाही, डॉक्टर भेटणार नाही. ते खाकरून तसेच थांबले. मला खरी भीती वाटली ती त्या क्षणी. ज्या माणसाने जन्मभर वाईटावर पैज लावली, त्याला ही लावता येईना.

कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर शुक्रवारी यायचे, आणि हा बुधवार. कुणीतरी म्हणालं, उल्हासनगरला कँपात एक सिंधी डॉक्टर आहे, त्याच्याकडे पेनिसिलिन असतं. टांगा आणला. काका, माई, मध्ये सुनेत्रा. मीही चढले. कुणी उतर म्हणालं नाही.

लढाईच्या वेळी सोल्जरांसाठी बांधलेल्या बराकीत त्या डॉक्टर आसवानींचा दवाखाना. गोणपाटाचे पडदे लावून खोल्या केलेल्या. पलीकडे कुणी पापड लाटत होतं, अलीकडे दोन खाटा. डॉक्टर शिकारपूरचे. आवाज असा की कांदे विकत असावेत. सुनेत्राला बघितलं मात्र, तो आवाज बसला.

"बच्ची के मुँह को हाथ किसने लगाया?"

माईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

डॉक्टरांनी हवेत बोटाने एक त्रिकोण काढला. स्वतःच्या तोंडावर दाखवला नाही. दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर दाखवू नये, हे शिकारपुरातही पाळतात तर. "नाक से लेके होठ के दोनों कोने. इतनी जगह. यहाँ का खून सीधा आँख के पीछे जाता है, वहाँ से दिमाग़. फोड़ा अपने आप फूटे तो ठीक. दबाया, तो ज़हर अंदर. समझे साईं?"

काका म्हणाले, "समझा है. पहले से समझा है."

"पहले होता क्या था?" डॉक्टर सुई उकळत ठेवून बोलत होते, गप्प बसणं त्यांना जमत नसावं. "जोंक लगाते थे. गरम पोटीस, काला मरहम. चीरा देते तो और बिगड़ता. फिर सल्फा की गोली आई, थोड़े बचने लगे. उसके पहले चेहरा सूजा तो घरवालों को हम बोलते थे, चादर तैयार रखो." मग एक बाटली काढली, अंगठ्याएवढी, रबरी बुचाची, आत पिठासारखी पांढरी पूड. बर्फाच्या डब्यात ठेवलेली होती. "अब ये है. फफूँद से बनती है."

"म्हणजे काय?" माई.

"बुरशी," मी म्हटलं.

"बुरशी टोचणार पोरीला? आमच्याकडे लोणच्याला आली तर बरणीसकट फेकतात!"

"माताजी, आगे से फेंको मत. मेरे पास लाओ."

कुणी हसलं नाही. सुई गेली. दर तीन तासांनी एक, रात्रंदिवस, असं ठरलं. मग डॉक्टरांनी जांभळी उमटणारी पेन्सिल पाण्यात बुडवून सुनेत्राच्या गालावर एक रेघ ओढली, सूज जिथे संपत होती तिथून. नदीकाठी पाण्याची खूण करतात तशी. "ये लाइन देखते रहना. सूजन इसके अंदर रहे तो अच्छा. बाहर गई तो मुझे बुलाना." आणि तिच्या डोळ्यांसमोर बोट इकडून तिकडे नेलं. तिचे डोळे बोटामागे गेले. "और आँख ऐसे घूमनी चाहिए. नहीं घूमी..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. काकांना ते सांगायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईने दिलेला डबा घेऊन मी परत गेले, तेव्हा सूज रेघेबाहेर होती. उजवा डोळा मिटला होता. डॉक्टरांनी न बोलता आणखी वर दुसरी रेघ ओढली आणि कंपाउंडरशी सिंधीत बोलायला लागले, हळू, भराभर. आदल्या दिवशी ते त्याच्याशीही हिंदीत बोलत होते. घाबरलेला माणूस आपल्या भाषेत जातो. मला त्यातला एक शब्द कळला नाही, आणि सगळं कळलं.

बोट डोळ्यासमोर आलं. पापणी वर धरावी लागली. डोळा बोटामागे सरकला, पण उशिरा, जड दार सरकावं तसा.

काका बाहेर बराकीच्या पायरीवर जाऊन बसले. मी आणि माई मागे उभ्या. ते आमच्याकडे न बघता बोलले. "शरदला अशीच होती, ओठावर, इथेच. संध्याकाळी मुलगी बघायला जायचं. मी आरसा धरला होता त्याच्यासाठी, खिडकीशी. तो म्हणाला, दादा, दाबू का? मी म्हटलं, दाब की, संध्याकाळपर्यंत बसेल. डॉक्टरांनी कानाजवळ जळवा लावल्या. रक्त पिऊन टम्म झाल्या आणि गळून पडल्या. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे हलेनात. दादा, तू कुठे आहेस, म्हणाला. मी समोरच होतो."

माई काकांशेजारी पायरीवर बसल्या. "मग सांगायचंस ना रे मला! चौदा वर्षं! मी दृष्ट काढत बसले!"

"तोंडातून निघेना, माई. वाटलं, आरसा नसला की कुणी दाबणार नाही. सांगावं लागणार नाही."

दोघं बहीणभाऊ एकच नेम पाळत होते, दोन निराळ्या कारणांनी, आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं. माईंनी काकांना एक शब्द दोष दिला नाही, काकांनी त्यांना दिला नाही. दोघं पायरीवर बसून राहिले. पलीकडे पापड लाटायचा आवाज चालू होता.

शुक्रवारी सूज वरच्या रेघेखाली आली. संध्याकाळी आणखी खाली. भरती ओसरल्यावर मिठागराच्या बांधावर ओली खूण राहते, तशा दोन्ही जांभळ्या रेघा तिच्या गालावर नुसत्याच उरल्या. डॉक्टरांचा आवाज पुन्हा कांदे विकायला लागला. डोळा उघडला, बोटामागे सरसर फिरला.

पण सुनेत्रा भिंतीकडे तोंड करून पडली ती वळेना. पेज घेईना, पाणी घेईना. आम्ही म्हणायचो, "बरी आहेस गं, उतरलीय सूज." ती डोळे मिटायची. माई बाहेर गेल्यावर मला जाड ओठाने, कसंबसं म्हणाली, "सगळे एकाच आवाजात सांगता." गोणपाटाला कान नसतात, पण त्यातून ऐकू सगळं जातं. पायरीवरचं तिने ऐकलं होतं. "शरदकाकालाही असंच सांगितलं असेल." मग म्हणाली, "आरसा दे."

डॉक्टर काकांना म्हणाले, "साईं, दवा अपना काम कर रही है. लेकिन खाएगी नहीं, तो ये फिर गिरेगी. जो माँगती है, दो ना."

काका जमिनीकडे बघत राहिले. माई म्हणाल्या, "मी म्हणते—" आणि पहिल्यांदाच पुढे काही म्हणाल्या नाहीत.

मी काकांसमोर जाऊन उभी राहिले. खांदे कानांपर्यंत नेले. दोनदा खाकरले. त्यांचाच आवाज काढला, खालचा, कापरा: "पैज लावा, काका. तुम्ही आरसा आणणार नाही."

काकांनी मान वर केली. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर मारतील.

"कशाची?" काका म्हणाले.

"खाऱ्या दाण्यांची."

"दाणे नकोत. हरलीस तर माझी नक्कल बंद. सुनूचं लग्न होईपर्यंत."

"कबूल."

ते आरशाला हात लावणार नाहीत, एवढं त्यांना ओळखत होते, म्हणून कबूल म्हटलं. ते चप्पल घालून बाजाराकडे निघाले, आणि मी मागोमाग, हरायची वाटच नव्हती म्हणून मजेत. कँपाच्या बाजारात काय मिळत नाही? कंगवे, कुलपं, पेटीकोट, आणि एका हातगाडीवर आरसे. काका गाडीच्या बाजूला उभे राहिले, समोर नाही. बोट दाखवून एक मागितला. गाडीवाला म्हणाला, "देख तो लो साईं, चेहरा साफ़ दिखता है." "दिखता होगा," काका म्हणाले. "रास्ते में फूटा तो मेरा जिम्मा नहीं!" कागदात गुंडाळलेला आरसा त्यांनी तापलेलं पातेलं धरावं तसा अंगापासून लांब धरला. वाटभर मला वाटत होतं, आता टाकतील. कँपात विहिरी आहेत.

नाही टाकला. खाटेवर बसले, कागद काढला, आरशाची पाठ स्वतःकडे आणि काच सुनेत्राकडे. धरला तो न बघताच, त्यामुळे तिला आधी छप्पर दिसलं असेल, मग माई, मग दिवा. मी धरायला गेले. "सोड," म्हणाले. "पैज माझी आहे."

आरसा नीट समोर आला. सुनेत्राने बघितलं. बराच वेळ बघितलं. दोन रेघा, आणि त्यांच्या पुष्कळ आत, लाल, सुरकुतलेली, उतरती सूज. तिने खरं-खोटं करायला बोट उचलून ओठाकडे नेलं—

"हात नको लावू!"

काका असे ओरडले की पापडवालीचं लाटणं खाली पडलं. डॉक्टर सुई घेऊन धावत आले. सुनेत्रा अर्ध्या ओठाने हसली.

"बाबा," ती म्हणाली. दोन्ही ओठ लागले. शब्द पुरता आला. "बाबा, तुमची मिशी वाकडी आहे."

काकांनी आरसा हळूच आपल्याकडे वळवला.  ते बघत राहिले, जसं स्टेशनवर कुणीतरी ओळखीचं वाटावं आणि नाव आठवू नये. मग आपल्या वडिलांना ओळखावं तसे म्हणाले, "हे तर आप्पा. माई, बघ, आप्पा. किती म्हातारे झाले."

त्या संध्याकाळी सुनेत्राने पेज खाल्ली, वर मेतकूट मागितलं.

कल्याणची मंडळी अजून आलेली नाहीत. तिच्या ओठावर एक छोटा खड्डा राहिला आहे, आणि काका रोज सकाळी तो बघतात, वाढलाय की काय म्हणून. आरसा बाहेरच्या खोलीत लावला आहे, आणि त्याच्याखाली काकांच्या टाइम ऑफिसच्या अक्षरात पाटी आहे: बघा, पण दाबू नका. मोतीबाईने ती वाचून घेतली आणि सांगत सुटली की आरशातल्या बाईचा पाय दुखतो म्हणून लिहिलंय.

ती नक्कल मला करता येते. काकांची येत नाही. तोंडाशी येते, खांदे आपोआप वर जातात, दोनदा खाकरते, आणि काका ओट्यावरून नुसतं बोट वर करतात. सुनूचं लग्न व्हायचं आहे. मी हरले आहे. पण बंदी तोंडाची ठरली होती, लिहिण्याची ठरली नव्हती.